परत कधी यायचं?

माकणी हे धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातलं गाव. तेरणेवरच्या धरणामुळं त्याचं नाव लांबवर पोचलेलं आहे. सरकारी कागदात निम्न तेरणा प्रकल्प लिहितात, पण लातूर-औशाकडचा माणूसही ‘माकणीचं धरण’ असंच म्हणतो. जवळच सास्तूर, थोडं पुढं किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. त्या भूकंपावर खूप लिहिलं गेलं. इथले दवाखाने वर्षभर ज्या दुखण्यांनी भरतात त्यांच्यावर मात्र फारसं कुणी लिहीत नाही. सर्दी-खोकला, थंडीताप, हगवण, खरूज, फुटलेला कान, आलेले डोळे. पहिल्या पावसानंतर जुलाब आणि सोयाबीन काढणीच्या सुमारास घराघरांतून फिरणारा ताप.

ही दुखणी साधी म्हणवतात. पण गावपातळीवरच्या डॉक्टरची खरी परीक्षा यांच्यातच असते. शंभरातल्या बहुतेकांना काही न देताही बरं वाटणार असतं आणि दोन-चार जण तेवढ्याच साध्या तोंडानं येऊन चोवीस तासांत हातचे जाणार असतात. त्यांना ओळखायचं कसं आणि बाकीच्यांना काय द्यायचं, यावर दोन प्रामाणिक मतं आहेत. त्या मतांची माणसं पुष्कळदा एकाच रस्त्यावर बसतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून इथं मी त्यांना बोलतं केलं आहे. एक सरकारी आरोग्य केंद्रातली तरुण डॉक्टर, बाहेरून बदलून आलेली. दुसरे तीस-पस्तीस वर्षं गावात दवाखाना चालवणारे खासगी डॉक्टर. दोघंही माझ्या मनातली माणसं आहेत, पण त्यांच्या बोलण्यातलं उपचारशास्त्र खरं आहे.

डॉक्टरसाहेब: मॅडम, राग मानू नका, पण सकाळी तुमच्याकडं आलेली चार वर्षांची पोर संध्याकाळी माझ्या बाकावर होती. नाक वाहतंय, अंग तापलेलं, खोकला. आई म्हणाली, ‘सरकारीत जाऊन आले, काहीच दिलं नाही.’

मॅडम: काहीच नाही कसं, सर? पॅरासिटामॉल दिलं. फ्रॉक वर करून पूर्ण एक मिनिट तिचे श्वास मोजले. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला चाळीस किंवा त्याच्या वर गेला तर निमोनियाची शंका घ्यायची. हिचे तिशीच्या आसपास होते. बरगड्यांखाली पोट आत ओढलं जात नव्हतं, पाणी पीत होती, टेबलावरची स्टेथोस्कोपची नळी ओढत होती. ही विषाणूची सर्दी. तिच्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही.

डॉक्टरसाहेब: श्वास मोजून तुम्हाला काय कळलं, हे आईला सांगितलंत?

मॅडम: ‘काळजीचं कारण नाही’ असं सांगितलं. बाहेर ऐंशी पेशंट होते.

डॉक्टरसाहेब: म्हणजे तुम्ही मिनिटभर पोरीच्या पोटाकडं बघत बसलात आणि मग एक पट्टी देऊन वाटेला लावलंत, एवढंच तिला दिसलं. तुमची तपासणी तुमच्याजवळच राहिली.

मॅडम: बरं. तुम्ही काय दिलंत?

डॉक्टरसाहेब: अमॉक्सिसिलिनचं सिरप आणि एक सुई. लपवत नाही. का दिलं तेही ऐका. दुसऱ्या दिवशी ती बाई सोयाबीन काढायला जाणार होती. पोर म्हातारीजवळ राहणार. रात्री ताप चढला, धाप लागली, तर लोहारा किंवा उमरगा गाठायला गाडी सांगावी लागते, आणि त्या वेळी गाडीवाला मागेल तेवढं द्यावं लागतं. ‘थांबून बघू’ म्हणायला तुम्हाला न् मला काही पडत नाही. त्या थांबण्याचे पैसे ती भरते. रोज बुडवून तिसऱ्या दिवशी ती परत येईल याची मला खात्री नसते, म्हणून आज हाताशी आहे तोवर देऊन टाकतो.

हे म्हणणं धुडकावण्यासारखं नाही. वैद्यकीय पुस्तकात ‘निरीक्षणाखाली ठेवा’ असं लिहिलेलं असतं तेव्हा निरीक्षण करणारा कुणीतरी आहे, हे गृहीत धरलेलं असतं. शहरातल्या आईला रात्री दोन वाजता रिक्षा मिळते. वस्तीवरच्या आईच्या बाबतीत ते गृहीतकच टिकत नाही.

मॅडम: पण सर, तुम्ही दिलेल्या सिरपनं तिची सर्दी एक दिवसही लवकर जाणार नाही. उलट जुलाब लागू शकतात, अंगावर पुरळ येऊ शकतं. आणि पुढचं मोठं नुकसान वेगळंच. लघवीला जळजळ म्हणून ज्या बाया येतात, त्यांच्यावर पूर्वी नॉरफ्लॉक्स, सिप्रो सहज चालायचं. आता कित्येकींना तीन दिवसांत काही फरक पडत नाही. तेच जंतू, पण औषधाला दाद देत नाहीत. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५ साली नोबेल घेतानाच बजावलं होतं की अपुरी मात्रा देऊन आपण जंतूंना शिकवून ठेवू. आपल्याकडं १ मार्च २०१४ पासून एच-वन हे वेगळं परिशिष्ट लागू आहे. त्यातली औषधं विकताना दुकानदारानं डॉक्टरचं नि पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं असतं.

डॉक्टरसाहेब: रजिस्टरनं जंतू थांबत नसतात, मॅडम. आणि एक सांगा, निमोनिया हुकला तर? तुमच्या आणि माझ्या हातून एक पोर गेलं तर गाव आयुष्यभर नाव घेतं.

मॅडम: हुकू नये म्हणूनच तर मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर साठ, वर्षाच्या आतलं असेल तर पन्नास, पुढं चाळीस. एवढे तीन आकडे. आणि ते ओलांडले, तर अमॉक्सिसिलिन मीही तिथल्या तिथं देते, एक तासही थांबत नाही. पोट उडत असेल, दूध ओढत नसेल, झोपेतून जागं होत नसेल, तर पहिला डोस देऊन सास्तूरला नाहीतर उमरग्याला पाठवते. अँटिबायोटिकशी माझं वैर नाही, सर.

इथं थोडं थांबून गडचिरोलीकडं बघायला हवं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं तिथं नेमका हाच प्रश्न हातात घेतला होता. डॉक्टर नाही, रस्ता नाही, मूल धापतंय. त्यांनी गावातल्याच माणसांना श्वास मोजायला आणि निमोनिया ठरला तर अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. आकडे मोजता न येणाऱ्या दाईलाही निदान करता यावं म्हणून मणी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेलं साधन बनवलं. या कामातून बालमृत्यू कमी झाल्याचा त्यांचा अहवाल १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. बहुतेक जण या कामाचा दाखला ‘गावातही अँटिबायोटिक देता येतं’ यासाठी देतात. मला त्यात दुसरी बाजू तितकीच मोलाची वाटते. आरोग्यदूत त्याच गावात राहत होता. मोजून श्वास कमी भरले आणि औषध दिलं नाही, तरी दुसऱ्या दिवशी तो त्या घरावरून जाणारच होता. न देण्याचं धाडस त्याला परवडत होतं ते यामुळं.

डॉक्टरसाहेब: गडचिरोलीपर्यंत कशाला जाता? आपल्याच जिल्ह्यात, अणदूरला, डॉ. शशिकांत अहंकारींच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं आशा यायच्या आधी गावोगावच्या बायांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. शेजारी जामखेडला आरोळे पतिपत्नींनी १९७० पासून तेच केलं. बायांना शाळा नव्हती, पण कुठलं पोर नुसतं कुरकुरतंय आणि कुठलं गंभीर आहे हे त्यांना कळायला लागलं. मला ते पटतं. पण तशी बाई दर गावात, दर वस्तीवर उभी करा, मग मला सुई का टोचली म्हणून विचारा.

मॅडम: आशा आहेत की.

डॉक्टरसाहेब: आहेत, आणि राबतात. सर्वेक्षण त्यांनीच करायचं, गरोदर बाई त्यांनीच न्यायची, लसीकरणाला पोरं त्यांनीच गोळा करायची, मोबाईलवर माहिती त्यांनीच भरायची. आणि ठरावीक मानधनाच्या वरचे पैसे कामागणिक. ताप उतरलेल्या पोराला बघायला जाण्याचे किती मिळतात, सांगा.

मॅडमकडं याचं उत्तर नव्हतं. त्यांनी विषय हगवणीवर नेला, कारण तिथं त्यांची बाजू सगळ्यात भक्कम आहे.

मॅडम: तुमच्या बाहेरच्या खोलीत चार खाटा आणि चार सलाईनचे स्टँड आहेत. पावसाळ्यात एकही रिकामा नसतो. सर, ओआरएसचं पाकीट माझ्याकडं फुकट आहे. १९७१ साली बांगलादेशच्या लढाईत निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली, तेव्हा बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळच्या सलाईनच्या बाटल्या संपल्या. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि नातेवाइकांच्या हातात पेले दिले. शंभरात तीसच्या आसपास मरत होते, ते चारच्या आत आले. सगळ्या जगानं ते उचललं. त्यांना पद्मविभूषण मिळायला २०२३ साल उजाडलं, तेही मरणोत्तर. आणि आपण अजून धडधाकट माणसाला हगवणीसाठी शिरेतून पाणी देतोय.

डॉक्टरसाहेब: डोळे खोल गेलेत, चिमटीत धरलेली कातडी परत जात नाही, वांती थांबत नाही, अशाला सलाईन लागतंच.

मॅडम: त्याला लागतंच, वादच नाही. मी बाकीच्यांचं म्हणतेय. ‘अंगात ताकद नाही, एक बाटली लावा’ म्हणणाऱ्यांचं. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बाटलीत पंचवीस ग्रॅम ग्लुकोज असतं. एका भाकरीएवढीही ताकद त्यात नाही. साध्या सलाईनमध्ये तर नुसतं मीठ न् पाणी.

डॉक्टरसाहेब: मला ठाऊक आहे. पण ताकदीची बाटली कोण मागतं हे कधी बघितलंत? बहुतेक बाया. सकाळी पाचला उठलेल्या, पाणी, शेण, भाकरी, मग रान, मग परत चूल. ताप अंगावर काढून आठ दिवस झालेले असतात. माझ्याकडं ती सुई लावून दोन तास आडवी पडते. सासू उशाशी बसते, नवरा चहा आणतो. घरी ‘मला बरं वाटत नाही, दोन तास पडते’ म्हणाली तर कुणी पडू देईल का तिला? बाटलीत काय आहे ते मला माहीत आहे, मॅडम. तिला हवं असतं ते बाटलीत नसतं आणि तुमच्या पाकिटातही नसतं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. डॉक्टरसाहेबांच्या या वाक्यापाशी मीही अडलो. औषधांचा गैरवापर म्हणून आपण जे मोजतो, त्यातला काही भाग म्हणजे बाईला आजारी पडण्याची परवानगी घरात न मिळणं असतो. हे मान्य केल्याशिवाय सलाईनच्या बाटल्या कमी होणार नाहीत. पण मान्य केलं म्हणून शिर टोचणं बरोबर ठरत नाही, आणि मॅडमनी पुढं जे म्हटलं त्यात मी त्यांच्या बाजूचा आहे.

मॅडम: मग तिला दोन तास झोपवा, सर. खाट द्या, ओआरएसचा तांब्या हातात द्या, सासूला सांगा की डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, चिठ्ठीवर तसं लिहा. तुमचा शब्द घरात चालतो. सुई कशाला हवी? गुजरातेत मोडासा भागात २००९ साली वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळं कावीळ ब पसरली, माणसं मेली. तुम्ही सुई दरवेळी नवी घेता हे मला माहीत आहे. पण सुईशिवाय बरं वाटत नाही ही सवय गावाला आपण लावली, की पुढच्या गावात सुई न बदलणाऱ्याकडंही लोक त्याच विश्वासानं हात पुढं करतात.

डॉक्टरसाहेब: खाटेचं पटलं. पण नुसत्या खाटेचे पैसे लोक देत नाहीत.

मॅडम: त्यावर येऊच. आधी तापाचं बोलू. तुमच्याकडून आलेल्या चिठ्ठ्यांवर मला दोन गोष्टी दिसतात. प्रत्येक तापाला टायफॉईडसाठीची विडाल तपासणी, आणि कमरेत डायक्लोचं इंजेक्शन. एकदाच केलेल्या विडालवर टायफॉईड ठरवता येत नाही, पूर्वी होऊन गेला असला तरी ती पॉझिटिव्ह दाखवू शकते. आणि डायक्लो तर डेंग्यूच्या हंगामात घातकच. ताप झटकन उतरतो, लोक खूश होतात, पण डेंग्यू असेल तर पोटात रक्तस्राव व्हायला वाव मिळतो. पॅरासिटामॉलशिवाय काही नको. मलेरियाची तपासणी बोटाच्या थेंबावर पंधरा-वीस मिनिटांत होते, तुमच्याकडचा पेशंट पाठवा, मी करून देते.

डॉक्टरसाहेब: पाठवतो. डायक्लोचंही ऐकतो, कारण एकाला रक्ताच्या वांत्या झालेल्या मी बघितल्यात. पण तुम्ही लोकांना तापाबद्दल सांगता ते अर्धंच असतं. ‘ताप वाढला तर या’ म्हणता. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच घात होतो. तिसऱ्या ते सहाव्या-सातव्या दिवसात अंग गार पडतं, माणूस म्हणतो बरा झालो, रानात जातो आणि तिथं कोसळतो. आता सांगा, ताप गेलेला माणूस दवाखान्यात कशाला येईल?

मॅडम: पोट दुखायला लागलं, वांत्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, सुस्ती आली, लघवी कमी झाली तर लगेच यायचं, हे मी सांगते.

डॉक्टरसाहेब: तोंडी सांगता. माझ्याकडं येईपर्यंत त्यातलं एवढंच उरतं: ‘पेशी कमी झाल्यात म्हणे.’

हा मला या संवादाचा गाभा वाटतो. मॅडम औषध कमी द्यायला सांगतात आणि त्यात त्या शंभर टक्के बरोबर आहेत. पण औषध न देणं हा उपचार पूर्ण व्हायला आणखी एक गोष्ट लागते: कोणतं चिन्ह दिसलं की परत यायचं, कोणत्या दिवशी यायचं, आणि रात्र असेल तर कुठं जायचं. सर्दी असो, हगवण असो, डेंग्यू असो, या तीन गोष्टी आईच्या हातात पडल्या नाहीत तर तिला नुसतं मोकळं पाठवल्यासारखं होतं. डॉक्टरसाहेब ती जागा सुईनं भरतात. सुई तिथं चुकीचीच आहे. पण जागा रिकामी आहे हे त्यांनी ओळखलंय.

क्षयाबद्दल मात्र मॅडमनी त्यांना सोडलं नाही.

मॅडम: सर, गेल्या हिवाळ्यात तुमच्याकडून एक तरुण आला होता, ट्रकवर क्लीनर. तीन महिने खोकला. तुमच्याकडं, मग आणखी दोघांकडं, असा फिरलेला. प्रत्येक वेळी लिव्होफ्लॉक्सासिन. प्रत्येक वेळी आठ दिवस बरं वाटायचं. ते औषध क्षयाच्या जंतूंवरही चालतं. त्यामुळं लक्षणं दबतात, बेडक्यात जंतू सापडायला उशीर होतो आणि पुढं खरा उपचार करताना हेच राखीव हत्यार बोथट झालेलं असतं. तोवर त्याच्या घरात दोन लहान मुलं त्याच्याच शेजारी झोपत होती.

डॉक्टरसाहेब: त्याला तपासायला पाठवलं असतं तर तो गेला नसता. क्षय म्हटलं की गावात नाव निघतं. बहिणीचं लग्न ठरायचं होतं.

मॅडम: म्हणून लिव्होफ्लॉक्स?

डॉक्टरसाहेब: नाही. ते चुकलंच. खोकल्याला ते द्यायला नको होतं.

मॅडम: मी एवढंच मागते. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर कुठलंही अँटिबायोटिक लिहायच्या आधी बेडका तपासायला द्या. आता नुसतं काचेवर बघायचं नसतं. ट्रूनॅटसारखं यंत्र काही तासांत जंतू सांगतं आणि रिफॅम्पिसिन लागू पडेल का तेही सांगतं. उपचार साधारण सहा महिने, औषध फुकट. खाण्यासाठी महिन्याला पाचशे रुपये मिळायचे, ते नोव्हेंबर २०२४ पासून हजार झालेत. तो पुण्याला कामाला गेला तरी ‘निक्षय’ या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीत नाव असेल तर तिथल्या केंद्रात पुढची औषधं मिळतात. घरातल्या पोरांनाही तपासून प्रतिबंधाच्या गोळ्या देता येतात.

डॉक्टरसाहेब: आणि मी पेशंट तुमच्याकडं पाठवला की तो माझा राहत नाही. हे खासगी डॉक्टर तोंडानं बोलणार नाही, पण मनात हेच असतं. सरकारी माणूस त्याला सांगतो, ‘त्यांनी उगाच तीन महिने घालवले.’ मग त्याचं सगळं घर माझ्याकडं यायचं बंद होतं.

मॅडम: ते मी म्हणणार नाही. रिपोर्ट तुमच्याच हातात देईन, उपचार तुम्हीच सुरू करा, गोळ्या माझ्याकडून न्या. २०१२ पासून खासगी डॉक्टरनंही क्षयरुग्णाची नोंद करणं सक्तीचं आहे, आणि नोंद केल्याबद्दल पाचशे रुपये मानधन आहे.

डॉक्टरसाहेब: म्हणजे बघा, क्षय कळवल्याचे पैसे आहेत. सलाईन लावल्याचे लोक देतात. पोरीचे श्वास मोजून ‘काही नको’ म्हणाल्याचे मात्र कुणीच देत नाही. सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळं मोफत झालं, चांगलं झालं. पण माझं घर पेशंटनं खिशातून काढलेल्या नोटेवर चालतं, आणि ती नोट सुईसाठी निघते, सल्ल्यासाठी निघत नाही. मी कमकुवत पडतो ते इथं.

मॅडम: मोफत असूनही ते तुमच्याकडं का जातात, सर?

डॉक्टरसाहेब: तुमची ओपीडी भरते तेव्हा ते रानात असतात. रानातून परत येतात तेव्हा तुमची खिडकी बंद असते. मी रात्री दहालाही दार उघडतो.

पाण्याचा विषय दोघांनीही फार ताणला नाही, कारण मतभेद नव्हता. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर कोरड्या जागी ठेवलेली नसेल तर तिच्यातला क्लोरीन उडतो आणि मग विहिरीत ती टाकली काय न टाकली काय. नळाच्या शेवटच्या घरात क्लोरीन बघणारी ओटी टेस्ट घेतली पाहिजे. ग्रामपंचायतीला पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड मिळालं म्हणून पाइपलाइनची गळती बुजत नाही. एवढं दोघंही एकमेकांच्या वाक्यात वाक्य मिसळत बोलले. एका ठिकाणी तेवढी ठिणगी पडली. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून पिंपं रिकामी करायची, असं मॅडम म्हणाल्या. ‘जिथं आठ-दहा दिवसांनी नळ येतो तिथं भरलेलं पिंप ओतून द्या म्हणून कुठल्या तोंडानं सांगता?’ असं डॉक्टरसाहेबांनी विचारलं. मराठवाड्यात डेंग्यूचा डास पावसाइतकाच टंचाईवरही पोसला जातो. साठवलेलं स्वच्छ पाणी त्याला लागतं आणि टंचाईत प्रत्येक घर ते जपून ठेवतं. मॅडमनी लगेच मान्य केलं: ओतायचं नाही, जुन्या साडीच्या फडक्यानं घट्ट बांधायचं, मोठ्या टाकीत गप्पी मासे सोडायचे, रिकाम्या होणाऱ्या भांड्याच्या कडा घासायच्या, कारण अंडी कडेला चिकटून राहतात.

मग त्या कागद घेऊन बसल्या.

मॅडम: एक चिठ्ठी करू. तुमच्या न् माझ्या दवाखान्यात एकच. वर पेशंटमध्ये काय आढळलं ते: ‘श्वास मोजले, ठीक आहेत.’ खाली परत यायचा वार. त्याखाली पाच चित्रं: धाप, वांती, सुस्ती, रक्त, न पिणारं बाळ. वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही कळतील अशी. तळाला रात्रीचा फोन, १०८ आणि आशाचा नंबर.

डॉक्टरसाहेब: वार मोकळा ठेवू नका. ‘दोन दिवसांनी’ लिहिलं तर कुणी येत नाही. ‘शुक्रवारी संध्याकाळी’ लिहिलं तर येतात. आणि डेंग्यूचा संशय असेल तर ‘ताप गेला तरी या’ हे मोठ्या अक्षरात.

मॅडम: सर्दीला अँटिबायोटिक बंद?

डॉक्टरसाहेब: साध्या सर्दीला बंद करून बघतो. घसा पूनं भरलेला असेल, गाठी आल्या असतील, कान वाहत असेल, तर देणार. घशातल्या त्या जंतूंनी पुढं हृदयाच्या झडपा गेलेल्या पोरी मी बघितल्यात.

मॅडम: तिथं द्यायलाच हवं. आणि सुई?

डॉक्टरसाहेब: सुई एकदम सुटणार नाही. खोटं कबूल करत नाही. पोरांची आधी थांबवतो. मोठ्यांचं तुम्ही संध्याकाळी बसायला लागलात तर बघू. मी नाही टोचली तर ते तुमच्याकडं येतील, तिसरीकडं जाणार नाहीत.

मॅडम: संध्याकाळी रोज जमणार नाही. मी एकटी आहे, बाळंतपणं रात्रीच येतात. आठवड्यातून दोनदा सात ते नऊ बसते. एक दिवस बाजाराचा ठेवू?

डॉक्टरसाहेब: बाजाराच्या दिवशी नको, त्या दिवशी माणसं दिवसाच गावात असतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. आणि दवंडी द्यायला सांगू नका, मीच माझ्या दारावर पाटी लावतो.